चेन धुतली, तेल पाजलं, तरी कट्‌कट जाईना

गिअरबदल | शनिवार, सकाळी ९:४०

मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण दोन आठवडे डोकं खातोय.

गाडी १५० सीसी, १९,००० किमी झालेली. चेन उघडी, ओ-रिंगवाली (कड्यांच्या सांध्यांत रबराच्या रिंगा असतात ती), गाडीबरोबर आलेली तीच. तिच्याकडे मी कधी फारसं बघितलं नाही. सर्व्हिसिंगला गाडी दिली की ते करतील ते खरं. गेल्या महिन्यात भर पावसातून लांबची फेरी झाली आणि तेव्हापासून मागून आवाज येतो. इंजिनाचा नव्हे, गाडी बंद करून हाताने ढकलली तरी येतो. कट्‌... मग शांत... मग परत कट्‌.

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा स्वतः बैठक मारून चेन साफ केली. तीन तास, चार फडकी, दोन ब्रश. नखांतलं काळं अजून गेलेलं नाही. वरून चेनचा स्प्रे मारला. चेन अशी चकाकतेय की एकाने विचारलं, नवीन टाकली का? आवाज मात्र होता तिथेच.

तर विचारायचं हे की तुम्ही किती किमीला चेन साफ करता, कशाने करता आणि नंतर काय लावता? मी कशाने केली ते आत्ता सांगत नाही. आधी तुमचं ऐकते, मग ठरवते सांगायचं की नाही.

पानापक्कड | शनिवार, १०:१५

भाऊ, आधी शाबासकी घ्या. पहिल्यांदा चेनला हात लावणारे बहुतेक जण अर्ध्यावर कंटाळून उरलेल्या चेनवर नुसता स्प्रे मारून उठतात.

माझी पद्धत वीसेक वर्षं एकच. साफ करायला रॉकेल. ओ-रिंगच्या रबराला ते सोसतं. वाटीभर रॉकेल, एक मऊ ब्रश, चाकाखाली पसरट ट्रे. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. वीतभर चेन घ्यायची. आतून, बाहेरून, दोन्ही कडांनी घासायची, लगेच कोरड्या फडक्याने पुसायची, चाक जरा फिरवायचं, पुढची वीत घ्यायची. चेन रॉकेलात भिजत टाकायची नाही. ट्रेमधलं काळं पाणी गटारात ओतायचं नाही, बाटलीत भरून ठेवायचं. दोन दिवसांत गाळ खाली बसतो आणि वरचं रॉकेल पुढच्या वेळी पहिल्या हाताला चालतं.

पुसून झालं की अर्धा तास वाळू द्या. मग ८०डब्ल्यू-९० गिअर ऑईल, थेंब थेंब, चेनच्या खालच्या फेऱ्यावर आतल्या अंगाने. आतूनच का? चेन पळते तेव्हा तेल बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. आत घातलेलं तेल जाता जाता रोलर भिजवून जातं, बाहेरून घातलेलं थेट मडगार्डला. आणि शेवटी सगळं पुसून टाकायचं. हो, स्वतःच घातलेलं. बोट फिरवलं तर बोट ओलं व्हावं, थेंब लोंबायला नको.

५०० ला तेल, १००० ला धुणं. पावसात भिजली तर किमी मोजायचे नाहीत, त्याच दिवशी पुसून तेल.

तेलकट | शनिवार, १०:२२

इंजिनातून काढलेलं जुनं ऑईल. फुकट. विषय संपला.

काजळी | शनिवार, १०:४०

तेलकट, विषय संपत नाही, चेन संपते. जुन्या ऑईलमध्ये काजळी असते (मी नव्हे), धातूचा बारीक कीस असतो, अर्धवट जळालेलं इंधन असतं. इंजिनाने ज्याला नको म्हणून बाहेर काढलं ते तुम्ही चेनला पाजताय.

तेलकट | शनिवार, १०:४४

४०,००० किमी झाले त्याच चेनवर.

काजळी | शनिवार, १०:४५

गाडीला पूर्ण बंद चेनकव्हर आहे ना?

तेलकट | शनिवार, १०:५१

आहे. मग?

काजळी | शनिवार, १०:५३

मग श्रेय कव्हरला द्या, तेलाला नको. बंद डब्यातल्या चेनवर धूळ, चिखल, पाणी येतच नाही. तिला बिचारीला काहीही पाजा. धागाकर्त्याची चेन उघडी आहे.

शाफ्टवाला | शनिवार, ११:०२

चेन? ते काय असतं? आमचं चाक शाफ्टवर फिरतं. 😌

पानापक्कड | शनिवार, ११:०५

शाफ्टवाले, तुमच्या मागच्या गिअरबॉक्सचं ऑईल शेवटचं कधी बदललं होतं?

शाफ्टवाला | शनिवार, ११:३१

बघून सांगतो.

गिअरबदल | शनिवार, ११:४०

पानापक्कड, सविस्तर उत्तराबद्दल आभार. फक्त भाऊ नाही, ताई चालेल. काजळी, धागाकर्त्याची नव्हे, धागाकर्तीची. 🙂 आणि माझ्या गाडीला डबल स्टँड नाही, फक्त साइड स्टँड. इथेच अर्धा वेळ गेला: गाडी दोन हात पुढे ढकला, चार कड्या घासा, परत ढकला.

पानापक्कड | शनिवार, ११:४६

माफ करा ताई, सवयीने आलं. मग एक पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा) घ्याच. गाडी ढकलत केलेल्या कामात काही कड्या दोनदा धुतल्या जातात आणि काहींना ब्रश लागतच नाही.

दोनचाकी | शनिवार, १२:१०

गिअर ऑईलबद्दल पानापक्कड यांच्याशी असहमत. तेल चांगलं आहे यात वाद नाही, पण पहिल्या शंभर किमीत निम्मं रिमवर येतं आणि धूळ धरून बसतं. तेच डिस्कवर उडालं तर ब्रेक लागायचा नाही, टायरच्या कडेवर आलं तर वळणात कळेल.

चेनचा स्प्रे बरा, पण लोक तो चुकीच्या वेळी मारतात. सकाळी निघताना दारात उभं राहून फुस्स केलं आणि किक मारली. स्प्रेमध्ये वंगण पातळ राहावं म्हणून द्रावक असतो, त्यामुळे ते फटीत शिरतं. तो उडून गेला की मागे चिकट थर राहतो. त्याला वेळच दिला नाही तर सगळं टेललाइटवर. रात्री फिरून आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा मारायचा. मागे पुठ्ठा धरायचा. सकाळी पुसून निघायचं. याने रिमही स्वच्छ राहते.

निवांत | शनिवार, १२:१८

मी डब्ल्यूडी-४० मारतो. सगळ्यालाच मारतो. दाराच्या बिजागरीला, सायकलला, चेनला. कुणी ओरडू नका.

शंकेखोर | शनिवार, १२:३०

ओरडत नाही, फक्त नाव उलगडून सांगतो. डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. १९५३ साली रॉकेटच्या उद्योगासाठी गंजरोधक म्हणून बनवलेलं, चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमलं म्हणून ४०. ओली चेन पुसायला ठीक. पण त्याचा थर इतका पातळ की चेनच्या दाबाखाली फार वेळ टिकत नाही. मारलंत तर वरून खरं वंगण लावा.

आता माझी खरी शंका. ओ-रिंगच्या चेनमध्ये ग्रीस कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं म्हणतात. मग आपण बाहेरून तेल, स्प्रे, ऑईल यावर डोकी फोडतोय ते कशासाठी? आत तर काही जातच नाही.

रात्रपाळी | शनिवार, दुपारी १:०५

शंकेखोर, शंका रास्त आहे. मी कारखान्यात मेंटेनन्सला असतो, रात्रभर कन्व्हेयरच्या चेनमागेच फिरतो, म्हणून सांगतो.

एक सांधा डोळ्यांसमोर आणा. मधे पिन, पिनवर बुश म्हणजे बारीक नळी, बुशवर रोलर. चेन स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, वळते तेव्हा पिन बुशच्या आत जराशी फिरते. खरी झीज तिथे. लोक म्हणतात चेन ताणली. पोलाद असं रबरासारखं ताणत नाही. प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा पाचवा भाग झिजला तरी १२० सांध्यांचे मिळून २४ मिमी होतात, आणि आपल्याला वाटतं चेन लांब झाली.

ओ-रिंग बसते आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मधे. पिन-बुशमधलं ग्रीस आत कोंडायचं, पाणी-माती बाहेर अडवायची, एवढंच तिचं काम. तुमचं तेल तिच्या आत जात नाही आणि जाऊही नये. पण बुश आणि रोलरमधली फट उघडीच असते, तिला तेल लागतं. रोलर आणि दाताच्या मधे लागतं. रिंगा कोरड्या पडून तडकू नयेत म्हणून लागतं. आणि गंज. म्हणून पातळ थर पुरतो, आंघोळ घालायची गरज नाही. उलट जुन्या पद्धतीच्या, रिंग नसलेल्या चेनला पिनपर्यंत तेल पोचवावं लागतं, तिथे हात सढळ हवा. आजोबांच्या जमान्यातले सल्ले त्या चेनचे आहेत.

सगळ्यात जास्त रिंगा कशाने मरतात सांगू? कमी तेलाने नाही. जवळून मारलेल्या प्रेशर वॉशरने. पाण्याची धार रिंग चुकवून आत शिरते, ग्रीस धुते आणि वर पाणी सोडून येते.

निवांत | शनिवार, १:१४

हा प्रतिसाद प्रिंट काढून गॅरेजमध्ये लावायला हवा.

शंकेखोर | शनिवार, १:२०

पटलं. अवांतर: पिन, बुश, रोलर ही रचना १८८० ची. हान्स रेनॉल्ड नावाचे मूळचे स्विस गृहस्थ मँचेस्टरमध्ये होते, पेटंट त्यांचं. दोन चाकं, इंजिन, ब्रेक, सगळं बदललं, चेन जवळजवळ तीच.

शाफ्टवाला | शनिवार, १:२२

म्हणूनच तर म्हणतो, जुनाट.

पानापक्कड | शनिवार, १:२३

ऑईल बघितलंत?

किककिकाट | शनिवार, २:०२

एवढं कशाला घासत बसता? माझी युक्ती: गाडी स्टँडवर, इंजिन सुरू, पहिला गिअर. चाक आपोआप फिरतं. आपण फक्त फडकं धरायचं. दोन मिनिटांत चेन आरसा!

साडेनऊ | शनिवार, २:१५

किककिकाट, प्लीज हा प्रतिसाद काढून टाका. नाही तर किमान खालचं वाचा.

इथे नऊ वर्षं आहे, माझ्या आयडीचा अर्थ आजवर कुणी विचारला नाही. मला साडेनऊ बोटं आहेत.

तुमचीच युक्ती होती. इंजिन सुरू, पहिला गिअर, हातात जुन्या बनियनचं फडकं. फडक्याचा एक धागा सुटलेला होता, तो चेनवर अडकला. माणसाला वाटतं, अडकलं तर सोडून देऊ. सोडायला वेळच नसतो. फडकं, त्याच्या मागून बोट, थेट स्प्रॉकेटमध्ये. दुखलं नंतर. आधी फक्त एवढं जाणवलं की इंजिन किंचित दबलं आणि परत मोकळं झालं. उजव्या हाताची करंगळी, वरचं पेर.

त्यानंतरचे माझे नियम. इंजिन बंद, आणि चावी खिशात, कारण शेजारचं पोर येऊन बटण दाबू शकतं. चाक हाताने फिरवायचं, आणि उलटं फिरवायचं. फडकं चेनच्या खालच्या फेऱ्यावर, मागच्या स्प्रॉकेटजवळ धरलं आणि चाक उलटं फिरवलं, तर चेन स्प्रॉकेटमधून बाहेर येत असते. हात ओढला गेला तरी दातांपासून लांब जातो. सुलटं फिरवलं तर तिथेच ती आत शिरते. ज्या हाताने फडकं, त्याच वेळी दुसऱ्याने चाक जोरात फिरवायचं नाही. फिरवा, थांबा, पुसा. आणि दोरे सुटलेलं फडकं नको.

काजळी | शनिवार, २:२१

वाचताना हात आपोआप मुठीत गेला.

निवांत | शनिवार, २:२३

मला इतकी वर्षं वाटत होतं साडेनऊला ऑफिसला जाता म्हणून...

साडेनऊ | शनिवार, २:२५

तेही जातो. 😄

किककिकाट | शनिवार, ३:१०

प्रतिसाद संपादित करता येत नाहीये, म्हणून इथे लिहितो: माझा वरचा सल्ला कुणी पाळू नका. मीही नाही पाळणार.

दोनचाकी | शनिवार, ४:४५

मेणाचा प्रयोग कुणी केलाय का? सायकलवाले पातेल्यात मेण वितळवून चेन त्यात बुडवतात. चेन अगदी कोरडी, हाताला काळं लागत नाही.

रात्रपाळी | शनिवार, ५:३०

सायकलच्या चेनला रिंगा नसतात, मेण आत जातं. ओ-रिंगच्या चेनमध्ये ते जाणार कुठून? शिवाय गरम पातेल्यात बुडवलीत तर आतलं ग्रीसच पातळ होईल.

तेलकट | शनिवार, ५:४१

थोडक्यात जुनं इंजिन ऑईल.

काजळी | शनिवार, ५:४२

🙏

वाचनमात्र | शनिवार, रात्री ८:५०

सहा वर्षं नुसतंच वाचतेय, आज पहिल्यांदा लिहिते.

तुम्ही सगळे वंगणावर भांडताय, पण बाईंनी पहिल्याच पोस्टमध्ये एक फार नेमकी गोष्ट लिहिली आहे आणि त्यावर कुणी थांबलं नाही. कट्‌, मग शांत, मग परत कट्‌. कोरड्या चेनचा आवाज असा नसतो. ती सतत करकरते. ठरावीक अंतराने येणारा आवाज म्हणजे फिरणाऱ्या कुठल्या तरी एका जागेत खोट आहे. ती जागा कुठली, ते मोजून कळतं.

गिअरबदल, पॅडॉक स्टँड मिळाला तर उत्तम, नाही तर कुणाला तरी गाडी हळू ढकलायला सांगा. दोन्ही स्प्रॉकेटांचे दात आणि चेनच्या कड्या मोजा. मग टायरच्या बाजूला खडूने एक खूण करा, चेनच्या एका कडीवर दुसरी. आणि चाकाच्या किती फेऱ्यांनी आवाज येतो ते बघा. प्रत्येक फेरीला एकदाच आला, तर मागचं स्प्रॉकेट, चाक किंवा बेअरिंग. एका फेरीत दोन-तीनदा आला, तर पुढचं स्प्रॉकेट, कारण ते तितक्या वेळा फिरतं. आणि दोन-तीन फेऱ्यांनी एकदा आला, तर चेनचीच एखादी कडी, कारण आख्खी चेन एकदा फिरून यायला तेवढ्या फेऱ्या लागतात.

त्याचबरोबर चेनचा ढिलेपणा एकाच जागी मोजू नका. खालच्या फेऱ्याच्या मधोमध मोजपट्टी धरून चेन वर-खाली करा, आकडा लिहा, चाक पाव फेरी फिरवा, परत मोजा.

पानापक्कड | शनिवार, ९:०५

वाचनमात्र ताई, सहा वर्षं कुठे होता? मी हाडाचा मेकॅनिक म्हणवतो आणि आवाजाकडे कानाडोळा करून रॉकेलचं पुराण लावून बसलो.

गिअरबदल | रविवार, सकाळी ११:२०

मंडळी, निकाल.

पुढे १४ दात, मागे ४२, चेनला १२० कड्या. भावाला ढकलायला लावलं. खडूची खूण, फेऱ्या मोजल्या. आवाज दर फेरीला येत नाही. तीन फेऱ्या पुऱ्या व्हायच्या जरा आधी येतो, दर वेळी. आणि आला की चेनवरची खडूची खूण बरोब्बर त्याच जागी असते.

१२० भागिले ४२ केलं: २.८६. अंगावर काटा आला हो. 

मग खूण सोडून मागे-पुढे कड्या बघत गेले. मागच्या स्प्रॉकेटजवळ चेन मोकळी होते तिथे बाकीच्या कड्या सरळ होऊन लोंबतात, पण दोन कड्या गुडघा दुमडून बसल्यासारख्या तशाच राहतात. बोटांनी सरळ करायला जोर लावावा लागला. पट्ट्यांच्या मधे बारीक विटकरी भुकटी. आणि शेजारच्या कड्यांवर काळी रिंग दिसते ती इथे एका बाजूला नाहीच. रिकामी फट.

ढिलेपणा: एका जागी १६ मिमी, दुसऱ्या जागी ४३. माझ्या मॅन्युअलमध्ये २५ ते ३५ लिहिलंय. मी सरासरी काढली तर एकदम झकास येते. 😑

रात्रपाळी | रविवार, ११:३५

आडलेल्या कड्या. विटकरी भुकटी म्हणजे आतल्या पिनचा गंज, रिंग गेली की हेच होतं. आता २० कड्यांचं माप घ्या. चेन ताणून धरा, एका पिनच्या मधापासून एकविसाव्या पिनच्या मधापर्यंत. तुमची चेन ४२८ मापाची असेल तर नवीन असताना ते २५४ मिमी, कारण दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, १२.७ मिमी. आडलेल्या भागात एकदा आणि दुसरीकडे एकदा मोजा. किती झिजली की बदलायची ते गाडीगणिक वेगळं, पण बहुतेक मॅन्युअल एक ते दोन टक्क्यांच्या मधे कुठेतरी थांबायला सांगतात.

शंकेखोर | रविवार, ११:५०

१४, ४२ आणि १२०! सगळे सम! याच्यावर कुणीच काही बोलणार नाही का?

१२० आणि ४२ चा मसावि ६. म्हणजे तुमची ती आडलेली कडी दर वेळी मागच्या स्प्रॉकेटच्या ठरलेल्या सातच दातांवर बसते, उरलेल्या ३५ दातांना तिचं दर्शनच नाही. मागे ४३ दात असते तर ती पाळीपाळीने प्रत्येक दाताला भेटली असती आणि झीज वाटली गेली असती. म्हणून चेन सम आणि दात विषम बरे. बघा बरं, सात दात जास्त झिजलेत का?

निवांत | रविवार, ११:५४

रविवारी सकाळी मसावि. शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं आता भेट नाही.

गिअरबदल | रविवार, दुपारी १२:४०

माप: आडलेल्या भागात २५८, दुसरीकडे २५५.५. सात दात वेगळे काढता आले नाहीत, पण सगळेच दात एका अंगाला कललेत, लाटेसारखे. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढली तर अर्धा दात उघडा पडतो.

आता कबुली. मी चेन पेट्रोलने धुतली होती. आणि तारेच्या ब्रशने. म्हणूनच सांगत नव्हते. माझ्यामुळेच झालं का?

रात्रपाळी | रविवार, १२:५५

आवाज तुम्ही धुण्याआधीचा आहे, त्यामुळे खून तुमच्या हातून झालेला नाही. पण मेलेल्याला दोन लाथा घातल्या म्हणा. पेट्रोल रबर फुगवतं, सुकवतं, आणि शिवाय आग. तारा रिंगांवर ओरखडे काढतात. नवीन चेनला दोन्ही दाखवायचं नाही. सर्व्हिसिंगला गाडी दर वेळी प्रेशरने धुवून येत होती का?

गिअरबदल | रविवार, १:०२

दर वेळी. चेनवर धार धरून, अगदी जवळून. मीच कौतुकाने बघत उभी असायचे, केवढी स्वच्छ होते म्हणून. तेल लावताना मात्र कधी कुणी दिसलं नाही.

पानापक्कड | रविवार, १:२०

मग झालं तर. ताई, आता तेलपाणी पुरे. चेन सेट बदला. नुसती चेन नको, पुढचं-मागचं स्प्रॉकेटही. लाटेसारख्या दातांवर नवीन चेन घातलीत तर ते दात तिला आपल्यासारखी करून टाकतील.

घालताना मागचं चाक सरळ बसलंय का ते बघा. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) रेघांवर आंधळा विश्वास नको, पिव्होटपासून (तो जिथे फ्रेमला जोडलाय तिथून) ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. ढिलेपणा सगळ्यात घट्ट जागी धरायचा. घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट. सस्पेन्शन दबलं की ती अजून ताणते आणि पुढचं बेअरिंग खाते. पहिल्या काहीशे किमीनंतर परत एकदा माप घ्या. आणि चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप लावताना बंद बाजू पुढे.

तेलकट | रविवार, १:२५

नव्या चेनला जुनं ऑ

काजळी | रविवार, १:२५

नाही.

शाफ्टवाला | मंगळवार, रात्री ९:१०

बघितलं. ऑईल होतं. रंग चहासारखा. किती वर्षांचं ते विचारू नका. बदललं.

पानापक्कड | मंगळवार, ९:१२

😂 देर आए...

गिअरबदल | शनिवार, संध्याकाळी ६:३०

नवीन सेट बसला! स्वतः बसवला. भाऊ फक्त पाने द्यायला होता. पिव्होटपासून टेपने मोजलं, रेघा खरंच दोन मिमीने खोट्या निघाल्या. ॲक्सल नट टॉर्क रिंचने. ढिलेपणा सगळीकडे २८ ते ३०. चाक हाताने फिरवलं तर फक्त बारीक सळसळ. चाचणीला रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारून आले, कान लावून. काही नाही. शांतता.

जुन्या चेनमधून त्या दोन कड्या कापून घेतल्या, टेबलावर ठेवल्यात. अजून गुडघे दुमडून बसल्या आहेत.

फोटो जोडते: मापाचा, दातांचा (जुने-नवे शेजारी), चेन लॉकचा.

वाचनमात्र | शनिवार, ६:४८

फारच छान! जुने-नवे दात शेजारी ठेवलेला फोटो बघून माझ्याही गाडीचे दात बघायला खाली जाऊन आले.

साडेनऊ | शनिवार, ६:५५

अभिनंदन. बोटं मोजली ना?

गिअरबदल | शनिवार, ६:५७

दहा. 🙂

दोनचाकी | शनिवार, ७:२०

एक विचारू का? तिसऱ्या फोटोत चेन लॉक खालच्या फेऱ्यावर आहे. क्लिपची बंद बाजू कुठल्या चाकाकडे आहे?

गिअरबदल | शनिवार, ७:२४

पुढच्या. पानापक्कड यांनी लिहिलं होतं ना, बंद बाजू पुढे.

पानापक्कड | शनिवार, ७:३१

अरे देवा. ताई, चूक माझी. पुढे म्हणजे गाडीच्या पुढे नव्हे, चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला. वरच्या फेऱ्यावर चेन पुढे जाते, खालच्या फेऱ्यावर मागे येते. लॉक खाली असताना बंद बाजू मागच्या चाकाकडे हवी. आत्ता उघडं तोंड आघाडीवर आहे. कुठे घासलं, अडकलं तर क्लिप निसटायची. फेरी मारून सुखरूप आलात हेच नशीब.

गिअरबदल | शनिवार, ७:३३

फोटो तीनदा फिरवून बघितला. उलटीच आहे.

पक्कड घेतली, चावी खिशात टाकली. खाली चाललेय.